‘सुंदर जागेचं वर्णन करा’ म्हटलं की ४० सेकंदांत बोलणं का संपतं?

मार्चमधल्या एका सकाळी नर्सिंग झालेली एक मुलगी माझ्यासमोर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावासाठी तोंडी परीक्षेला बसली. भिवापूरकडच्या एका खेड्यातून ती रोज एसटीने नागपूरला येते. कार्डावर विषय होता, तुम्ही पाहिलेल्या एखाद्या सुंदर जागेचं वर्णन करा. मिनिटभर तिने कागदावर भराभर लिहिलं आणि सुरुवात केली ती थेट दल सरोवरापासून. ‘काश्मीर इज हेवन ऑन अर्थ. देअर आर मेनी ब्युटिफुल सीनरीज. माउन्टेन्स आर देअर, ग्रीनरी इज ऑल्सो देअर. व्हेरी व्हेरी ब्युटिफुल. आय एन्जॉइड अ लॉट.’ आणि थांबली. माझ्या मोबाइलवर ३८ सेकंद झाले होते. मी विचारलं, शिकाऱ्यात तुझ्यासोबत कोण होतं? ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. काश्मीरला ती कधी गेलीच नव्हती.

मग मी मराठीत विचारलं, ‘सकाळी बसच्या खिडकीतून काय दिसतं गं तुला?’

‘आता पळस फुलला नं मॅडम. उमरेडच्या अलीकडे-पलीकडे नुसता पेटल्यासारखा दिसते. पान एक नाही, सारी फुलंच. अन् आमच्याकडे रस्त्याच्या कडेनं मिरच्या वाळू घातल्या असतात. बस थांबली का असा ठसका लागते! कंडक्टर रोज शिंकते.’ चार मिनिटं ती थांबली नाही. पुढे आईचा डबा आला, बसमधली कायमची जागा आली, उमरेडच्या कोळसा खाणीचे ट्रक आले.

हा प्रसंग एवढा सविस्तर सांगितला, कारण दर बॅचला हेच घडतं. मुलं म्हणतात, ‘मॅडम, माझी व्होकॅब्युलरी कमी पडते जी.’ मी इतकी वर्षं बोलायचं इंग्रजी शिकवते आहे. निसर्ग आणि प्रवास या विषयांत शब्द कमी पडल्यामुळे गप्प झालेली मुलं मला फार थोडी भेटली. बहुतेक जण गप्प होतात, कारण ज्या जागेबद्दल बोलायचं ठरवलं तिथे ते कधी उभेच राहिलेले नसतात. किंवा राहिलेले असतात, पण ती जागा त्यांनी आठवून पाहिलेली नसते.

परीक्षेची रचना थोडक्यात सांगते. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्यात ४ ते ५ मिनिटं साधे प्रश्न, घर, काम, आवडीनिवडी. दुसऱ्यात कार्ड मिळतं, तयारीला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटं. तिसऱ्यात त्याच विषयावर ४ ते ५ मिनिटं जरा खोलात चर्चा. गुण चार बाबींवर मिळतात आणि चौघींना सारखंच वजन असतं. ओघ आणि सुसूत्रता, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. ‘जागा किती प्रसिद्ध आहे’ याला कुठेही गुण नाहीत. काश्मीरला जास्त आणि उमरेड रोडला कमी असं होत नाही. मी हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगते, तरी परीक्षेची तारीख जवळ आली की मुलं परत काश्मीर, मनाली, स्वित्झर्लंडकडे धावतात. ही समस्या पुन्हा पुन्हा उद्भवते ती याच ठिकाणी.

आधी तुमचं उत्तर कुठे अडतं ते शोधा

मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा, एखाद्या जागेबद्दल २ मिनिटं इंग्रजीत बोला आणि मग एकट्याने ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं, मला माहीत आहे, पण त्याशिवाय इलाज नाही. ऐकताना एवढंच पाहा की तुम्ही गप्प कुठे झालात.

सगळंच मिनिटाच्या आत संपलं आणि पुढे सांगायला काही उरलंच नाही, तर जागा चुकली. वाक्याच्या मधोमध अडकलात, ‘द... द... ऑन द साइड ऑफ...’ असं झालं, तर तुम्ही मनात मराठी वाक्य रचून त्याचं भाषांतर करत होतात. बोलणं चालू राहिलं पण ‘व्हेरी’, ‘नाइस’, ‘ब्युटिफुल’ हेच शब्द फिरून फिरून आले, तर तुम्ही जागेची तारीफ केलीत, जागा दाखवली नाहीत. एकाच उत्तरात तिन्ही प्रकार सापडू शकतात. पण सुरुवात पहिल्यापासून करा. जागा चुकलेली असेल तर बाकीच्या दुरुस्त्या करून काही हाती लागत नाही.

जागा बदला

‘पण मॅडम, मी कुठं फिरायलाच गेलो नाही जी.’ हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते, आणि ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं. मुलाच्या मनात आपल्या आयुष्याबद्दलच कमीपणा बसलेला असतो. त्याला वाटतं, विमानात बसलो तरच तो प्रवास. रामटेकला तो पाच वेळा गेलेला असतो. पायथ्याच्या अंबाळा तलावावर आजोबांचे दिवस केलेले असतात, गडावर माकडाने हातातला प्रसाद हिसकावून नेलेला असतो. पण याला तो ‘जागा’ म्हणतच नाही.

फुटाळा तलावावर पावसात खाल्लेलं भाजलेलं कणीस चालतं. सेमिनरी हिल्सवर पहाटे धावायला जाता ती वाट चालते. नागझिऱ्याच्या सहलीत गाडी बंद पडली तो अर्धा तास तर फारच छान चालतो.

आणि जागा लहान घ्या. ‘पचमढी’ हा विषय २ मिनिटांत मावत नाही. सगळंच सांगायचं म्हटलं की यादी होते, धूपगड, धबधबे, गुहा, आणि यादी संपली की बोलणं संपतं. धूपगडावर सूर्यास्ताला तुम्ही जिथे उभे होतात ती एक जागा घ्या. तिथला अर्धा तास घ्या. त्या अर्ध्या तासात घडलेली एखादी गोष्ट घ्या, भले ती तुमच्या मावशीची चप्पल तुटल्याची असो. गोष्ट आली की पुढचं वाक्य आपोआप येतं, कारण मग काय झालं हे तुम्हाला ठाऊक असतं.

जागा लहान घ्यायची म्हणजे माहिती कमी द्यायची, हेही ओघाने आलंच. एक मुलगा दीक्षाभूमीबद्दल बोलला. १४ ऑक्टोबर १९५६, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मग स्तूपाचा घुमट. सगळं अचूक होतं आणि ५० सेकंदांत संपलं. मी विचारलं, तू स्वतः तिथे काय करतोस? तेव्हा कळलं की धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्याच्या मोहल्ल्यातली मुलं रस्त्यावर पाणी वाटतात आणि तो सहावीपासून त्यात आहे. दूरदूरच्या गावांतून आलेली माणसं, त्यांच्या डोक्यावरची गाठोडी, एका आजीने पाणी प्यायल्यावर त्याच्या गालावरून फिरवलेला हात. इतिहास त्याने एका वाक्यात आटोपला आणि बाकी सगळा वेळ त्या पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून बोलला. ते उत्तर मी अजून विसरलेले नाही.

तयारीचं ते एक मिनिट

कागद-पेन्सिल मिळते म्हणून मुलं वाक्यं लिहायला लागतात. दोन वाक्यं होतात, मिनिट संपतं आणि मग ती दोन वाक्यं वाचली जातात. वाक्यं अजिबात लिहू नका. पाच-सहा शब्द लिहा, प्रत्येक शब्द एखाद्या दिसलेल्या, ऐकलेल्या किंवा वासाच्या गोष्टीचा. मराठीत लिहिले तरी चालतात, त्या कागदाला गुण नसतात. भिवापूरच्या मुलीने दुसऱ्या वेळी कागदावर लिहिलं होतं: ‘खिडकी, ६.१०, पळस, बस बंद, मिरची, डबा.’ एवढंच.

कार्डावर मुख्य विषयाखाली दोन-चार उपप्रश्न असतात, जागा कुठे आहे, कधी गेलात, काय केलंत, का आवडली. बहुतेक मुलं पहिल्या तिघांना एकेका वाक्यात उत्तर देऊन ‘का आवडली’ला पोचतात आणि तिथे ‘बिकॉज इट इज ब्युटिफुल’ म्हणून संपवतात. ‘कुठे’ आणि ‘कधी’ झटपट उरका. वेळ घालवायचा तो ‘काय झालं’ यात.

मराठी वाक्य शेवटाकडून उलटं घ्या

वाक्याच्या मधोमध अडकणाऱ्यांसाठी हा भाग. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे दोष मुलांच्या बुद्धीचा नाही, दोन भाषांच्या घडणीतला फरक आहे आणि तो कुणी त्यांना दाखवलेला नसतो.

मराठीत आपण म्हणतो, ‘टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या तलावाच्या काठावर एक म्हातारा फुगे विकत होता.’ आपण आधी टेकडी दाखवतो, मग पायथा, मग तलाव, मग काठ आणि शेवटी म्हातारा. आपल्याला ते सहज जमतं. इंग्रजीत मात्र म्हाताऱ्याला आधी पुढे आणावं लागतं. मूल टेकडीपासून सुरुवात करतं, ‘ऑन द हिल्स बॉटम, देअर इज लेक, ऑन दॅट लेक्स साइड...’ आणि म्हाताऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याचा दम संपतो.

उपाय असा. ‘देअर वॉज’ म्हणा आणि मुख्य वस्तू किंवा माणूस ताबडतोब सांगून टाका. ‘देअर वॉज ॲन ओल्ड मॅन.’ झालं, आता तुम्ही सुरक्षित आहात. मग एकेक पाऊल मागे जा. काय करत होता? ‘सेलिंग बलून्स.’ कुठे? ‘बाय द लेक.’ तो तलाव कुठे? ‘ॲट द फूट ऑफ द हिल.’ सुरुवातीला चार वेगळी छोटी वाक्यं करा, ओघ आला की ती आपोआप जोडली जातात, ‘देअर वॉज ॲन ओल्ड मॅन सेलिंग बलून्स बाय द लेक ॲट द फूट ऑफ द हिल.’ मराठी वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवून पाहा, क्रम आरशासारखा उलटा आहे. म्हातारा, तलाव, पायथा, टेकडी.

वर्गात मी मुलांना याचा सराव रस्त्यावर करायला लावते. नागपूरच्या झीरो माइलला जाऊन उभे राहा. समोर काय आहे? ‘देअर इज अ स्टोन पिलर.’ त्याच्याजवळ काय? ‘देअर आर फोर हॉर्सेस निअर इट.’ जिवंत आहेत का? ‘दे आर नॉट रिअल, दे आर स्टॅच्यूज.’ एवढं साधं बोलत सुरुवात केली तरी चालेल, पण वस्तू पहिली आणि तिचं ठिकाण नंतर ही सवय जिभेला लागली पाहिजे.

‘गेलो होतो’ची अडचण

आपण सहज बोलतो, ‘गेल्या वर्षी आम्ही पेंचला गेलो होतो.’ हिंदीतही ‘गए थे’. त्यामुळे इंग्रजीत येतं ‘लास्ट इयर वी हॅड गॉन टु पेंच’, आणि नागपूरची दहातली आठ मुलं तरी माझ्याकडे हेच बोलत येतात. इंग्रजीत सरळ ‘वी वेन्ट टु पेंच लास्ट इयर’. ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी एक आधीच होऊन गेलेली असते. ‘व्हेन अवर जिप्सी रीच्ड द स्पॉट, द टायगर हॅड ऑलरेडी गॉन.’ वाघ आधी गेला, जिप्सी नंतर पोचली. आमच्या भागात हे उदाहरण सगळ्यांना लगेच कळतं, कारण बहुतेकांच्या बाबतीत ते घडलेलं असतं.

‘मी ताडोबाला गेलेलो आहे’ याला ‘आय हॅव बीन टु ताडोबा’. ‘ही हॅज गॉन टु ताडोबा’ म्हणजे तो गेलाय आणि अजून तिकडेच आहे.

दुसरी गडबड याहून चोरटी आहे. गोष्ट रंगात आली की मराठी माणूस वर्तमानकाळात शिरतो. ‘आम्ही वळणावर येतो, तर काय, समोर गवा!’ कानाला ते किती गोड लागतं! पण परीक्षेत तेच इंग्रजीत केलं की एक वाक्य भूतकाळात आणि पुढचं वर्तमानात असं होतं, आणि ऐकणाऱ्याला ती चूक वाटते. सोपा नियम पाळा. जे घडून गेलं ते भूतकाळात, जे अजून तिथे आहे ते वर्तमानकाळात. गवा समोर आला तो ‘केम’. जंगल, रस्ता, तलाव अजून आहेत, ते ‘इज’ आणि ‘आर’.

प्रवास एकच, इंग्रजीत शब्द तीन

‘आय वेन्ट फॉर अ ट्रॅव्हल’ असं कुणी म्हटलं की मला मराठीतला ‘प्रवास’ ऐकू येतो. आपला हा शब्द सगळं सांभाळून घेतो. इंग्रजीत जाऊन परत आलात ती ‘ट्रिप’. इथून तिथे जातानाची वाटचाल ती ‘जर्नी’, म्हणजे ‘द जर्नी टुक थ्री आवर्स’. आणि ‘ट्रॅव्हल’ हे मुख्यतः क्रियापद, ‘आय लाइक टु ट्रॅव्हल’. ‘अ ट्रॅव्हल’ असं होत नाही.

तसंच ‘दृश्य’. एका जागेवर उभं राहून जे दिसतं तो ‘व्ह्यू’, ‘द व्ह्यू फ्रॉम द टॉप’. एखाद्या प्रदेशाचं सगळं रूप ती ‘सीनरी’, आणि तिचं अनेकवचन नाही. ‘सीनरीज’ ऐकलं की मी मुलांना तिथेच थांबवते. ‘ग्रीनरी’चंही तसंच, पण तो शब्द मी जवळपास बंदच करून टाकला आहे. ‘ग्रीनरी’ म्हटलं की डोळ्यासमोर काहीच येत नाही. सागाचं जंगल आहे की भाताचं शेत, की नुसती वडाची रांग? झाडाचं नाव सांगा.

‘एन्जॉय’ला मराठीत आपण मोकळं सोडतो, ‘खूप एन्जॉय केलं’. इंग्रजीत काय एन्जॉय केलं ते सांगावं लागतं, ‘वी एन्जॉइड द राइड’, किंवा मग ‘वी हॅड अ ग्रेट टाइम’. ‘रीच’नंतर ‘टु’ नको, ‘वी रीच्ड रामटेक’. ‘फिफ्टी किलोमीटर्स फार’ नाही, ‘अवे’. ‘वन ऑफ द बेस्ट प्लेस’ नाही, ‘प्लेसेस’. फिरण्याला ‘रोमिंग’ म्हणू नका, ‘वी वॉक्ड अराउंड’ म्हणा.

हिरवंगार, काळंकुट्ट, किर्र

आता तारीफ करत राहणाऱ्यांसाठी. आपल्या मराठीत वर्णनाची केवढी श्रीमंती आहे! हिरवंगार, निळंशार, पांढराशुभ्र, लालभडक. पानांची सळसळ, पाण्याची झुळझुळ, किर्र रान. एका शब्दात रंग येतो, आवाज येतो आणि मनावर काय झालं तेही येतं. मुलगा मनात ‘किर्र’ म्हणतो, इंग्रजीत तसा शब्द शोधतो, सापडत नाही, आणि शेवटी ‘व्हेरी डार्क’ म्हणून गप्प बसतो. त्याला वाटतं आपलं इंग्रजी कच्चं आहे. खरं तर त्याचा मराठी शब्द फार पक्का आहे.

तो शब्द भाषांतरित करू नका. तो तुम्हाला का सुचला ते सांगा. किर्र अंधार होता म्हणजे काय झालं? ‘आय कुड नॉट सी माय ओन शूज. आय कुड ओन्ली हिअर द इन्सेक्ट्स.’ तलाव निळाशार होता म्हणजे? ‘द लेक वॉज सो स्टिल दॅट आय कुड सी द क्लाउड्स इन इट.’ बघा, एकही अवघड शब्द नाही आणि ऐकणाऱ्याला तलाव दिसला. ‘ब्रेथटेकिंग’, ‘मेस्मरायझिंग’ असे शब्द पाठ करून येणाऱ्या मुलांना मी प्रेमाने सांगते की एखादा ठेवा, पण तो तुमच्या तोंडात मुरला असेल तरच.

नावांचंही तसंच. पळस, मोह, गड, तर्री-पोहे यांना इंग्रजी नाव आठवलं नाही म्हणून त्या गोष्टी उत्तरातून काढून टाकू नका. मराठी नाव घ्या आणि लगेच एका वाक्यात समजावून सांगा. ‘पळस इज अ ट्री दॅट लूझेस ऑल इट्स लीव्ज अँड देन टर्न्स ऑरेंज.’ शब्द अडला तेव्हा दुसऱ्या शब्दांत अर्थ पोचवता येणं, हे शब्दसंपत्तीच्या गुणांत धरलं जातं.

उच्चाराबद्दल थोडंसं

तुमची बोलण्याची ढब भारतीय असली म्हणून गुण जात नाहीत. शब्द कळला नाही तर जातात. प्रवासाच्या विषयात आपण सापडतो ते ‘व’मध्ये, कारण मराठीत ‘व’ एकच आणि इंग्रजीत दोन. ‘व्ह्यू’, ‘व्हिलेज’, ‘व्हॅली’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘वॉटर’, ‘वेस्ट’, ‘विंड’ म्हणताना ओठ शिटी वाजवल्यासारखे गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर ‘व्हॅली’ आणि ‘वॉटरफॉल’ आलटून पालटून म्हणा, आठवडाभरात फरक पडतो. ‘माउन्टेन’ नाही, ‘माउन्टन’. ‘आयलंड’मध्ये एस मुका. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर.

तिसऱ्या भागात गाडी अडली तर

इथे तुमची सहल विचारत नाहीत, तुमचं मत विचारतात. पर्यटनामुळे स्थानिक लोकांचं भलं होतं का? लोकांना निसर्गात जावंसं का वाटतं? ‘येस, इट गिव्हज एम्प्लॉयमेंट’ म्हणून मूल थांबतं. मत चुकीचं नाही, पण त्याच्या पाठीशी काही नाही. मत सांगितलं की लगेच डोळ्यांनी पाहिलेलं एक उदाहरण द्या. सिल्लारी गेटवरून पेंचमध्ये गेला असाल तर गाइड जवळच्याच गावचा होता, हे सांगा. मग दुसरी बाजू, पावसाळ्यात कोअर भागातली सफारी बंद असते, तेव्हा त्याचं घर कशावर चालतं? हा प्रश्न खरोखर पडला तर उत्तर लांबवावं लागत नाही.

सराव, आणि परत तेच झालं तर

नागपूर मेट्रोच्या ॲक्वा लाइनने सुभाषनगरकडे जाताना खिडकीतून अंबाझरी तलाव दिसतो. माझे बरेच विद्यार्थी त्या मेट्रोने येतात. त्यांना मी सांगितलं आहे की तलाव दिसायला लागल्यापासून दिसेनासा होईपर्यंत मनातल्या मनात इंग्रजीत बोलायचं, रोज. आज पाण्याचा रंग काय, काठावर कोण आहे, कालच्यापेक्षा काय वेगळं आहे. एकच जागा रोज बघून रोज नवं सांगायचं. मेट्रोने येत नसाल तर घराच्या गच्चीवरून बघा, मे महिन्यातल्या ४५ अंशांतली गच्ची हीसुद्धा जागा आहे. तापलेली टाकी, कूलरचा आवाज, वाळत घातलेल्या कुरडया.

पंधरा दिवस हे जमतं, आणि मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी मित्र ‘हमखास विचारल्या जाणाऱ्या ५० प्रश्नांची उत्तरं’ असं काहीतरी पाठवतो. घाबरलेलं मूल ते पाठ करतं आणि आमची सगळी मेहनत वाहून जाते. मला हे बोलायचा अधिकार आहे, कारण सुरुवातीची काही वर्षं मीच मुलांना तयार उत्तरं लिहून देत होते. मनालीचं एक उत्तर मी एकाच बॅचच्या नऊ जणांना दिलं होतं. त्यातली एक मुलगी परीक्षेहून रडत आली. परीक्षकाने तिला विचारलं, तिथे थंडी किती होती, तू काय घातलं होतंस? ती नागपूरच्या बाहेर कधी गेलेली नव्हती. त्या दिवसापासून मी एकही उत्तर लिहून दिलेलं नाही. पाठ केलेलं बोलणं परीक्षकाला दोन वाक्यांत ओळखू येतं, आवाजाची चालच बदलते. पण त्याहून जास्त मला हे लागलं की मी त्या मुलीला तिच्या स्वतःच्या गोष्टी सांगूच दिल्या नव्हत्या.

म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवं काहीही वाचू नका. तुमच्या तीन जागा ठरवा, एक पाण्याची, एक गर्दीची, एक घराजवळची. बहुतेक कार्डं या तिघींपैकी एकीला जोडता येतात. शांत जागा, आठवणीतला प्रवास, पुन्हा जावंसं वाटणारं ठिकाण, बाहेरून आलेल्या पाहुण्याला दाखवाल ती जागा. प्रत्येकीबद्दल रोज एकदा बोला, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करा. आज मिरचीच्या वासापासून, उद्या बंद पडलेल्या बसपासून. म्हणजे उत्तर पाठ होत नाही आणि जागा मात्र पक्की होते.

भिवापूरच्या मुलीचं दुसरं उत्तर माझ्याकडे रेकॉर्ड केलेलं आहे. तिच्या परवानगीने त्यातला सुरुवातीचा भाग इथे देते. ‘आय वॉन्ट टु टॉक अबाउट द रोड फ्रॉम माय व्हिलेज टु नागपूर. इट इज नॉट अ टूरिस्ट प्लेस, बट आय सी इट एव्हरी मॉर्निंग. लास्ट वीक अवर बस ब्रोक डाउन निअर उमरेड, सो वी हॅड टु गेट ऑफ. देअर वॉज अ पळस ट्री बाय द रोड. आय हॅड सीन इट मेनी टाइम्स फ्रॉम द विंडो, बट आय हॅड नेव्हर स्टुड अंडर इट.’ शेवटच्या वाक्यात ‘हॅड’ दोन्ही वेळा अगदी बरोबर बसला आहे, आणि तो तिने ठरवून वापरला नव्हता.

पुढे ती त्या झाडाखाली बसून डबा उघडण्यापर्यंत आली, आणि २ मिनिटं झाली म्हणून मी हात वर करून तिला थांबवलं. परीक्षेतही परीक्षक असंच मध्ये थांबवतो, वाक्य अर्धं राहिलं तरी त्याचे गुण जात नाहीत. तिला ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, ‘पण मॅडम, डब्यात काय होतं ते सांगायचं राहिलं नं.’